तळघरातलं सामान

मंगळवारी रात्री, बैठक संपल्यावर,
पास्टर हाल्वर्सन यांनी माझ्या हातात यादी ठेवली:
तंबू नऊ.
कुऱ्हाडी चार, एकीचा दांडा सैल.
ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं एक.
निशाण एक, खांबासकट.
"हे चर्चच्या मालकीचं," ते म्हणाले,
"बाकीचं, ऑर्विल, तू घेऊन जा."
बाकीचं म्हणजे
दोरखंडांची एक पेटी,
अकरा पोरं
आणि सोल्वेग.

सोल्वेगवरूनच तर सगळं.
तेरा वर्षांची, पुढचे दात किंचित फाकलेले,
गेल्या उन्हाळ्यात भावाला सोडायला आली
आणि थांबली.
मुलींना घ्या, असं मुख्यालयाचं पत्र आहे.
पण पत्र शहरातून येतं
आणि तळघर गावात असतं.

बैठकीत वाईट कुणी बोललं नाही.
आमच्या नॉर्थ डाकोटात वाईट कुणी बोलत नाही.
कॉफी ओतली गेली, लिंबाच्या वड्या फिरल्या,
"देवानं दोन वेगळे घडवले ते काही उगाच नाही,"
असं कुणीतरी म्हणालं
स्वतःच्या बशीकडे बघत.
सोल्वेगची आई हात वर करून बसली होती.
मग हात दुखला असावा.

सत्तावीस वर्षं मी रांगेच्या टोकाला उभा राहतो.
शपथ मला कानांनी कमी, डोळ्यांनी जास्त ऐकू येते.
"देवाप्रती" हा शब्द आला की
पास्टरांचा धाकटा एरिक ओठ मिटतो.
दोन वर्षं झाली.
मी कुणाला सांगितलं नाही,
आत्ताही सांगायचं नव्हतं.
आणि सोल्वेग तोच शब्द असा उच्चारते
जशी घरातल्या माणसाला हाक,
दूध उतू चाललंय, ये लवकर.

गाठी दोन जातींच्या, मी पोरांना शिकवतो.
सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटते.
निरगाठ, ओढाल तितकी आवळते.
देवाशी कुठली मारायची
हे माझ्या वहीत नाही.
कुणाच्या वहीत आहे असं ऐकलं
की मला आधी त्याचे हात बघावेसे वाटतात.

झोप येईना. डुलुथला फोन लावला, बहिणीला.
इन्गा पंचाहत्तरची.
माझ्या गाठींचा सराव ती करायची, टेबलाखाली,
दोर माझा, बोटं तिची.
बिल्ला मला मिळाला.
छावणीवर ती यायची ती आईबरोबर,
शनिवारी, भांडी घासायला,
तंबूंच्या अलीकडे.
म्हटलं, तळघर रिकामं करतोय.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "ते पातेलं?
त्याच्या बुडाला पोचा आहे का अजून?"
आहे.
"मी आपटलं होतं. दगडावर. मुद्दाम.
तू बिल्ला लावून मिरवत होतास त्या दिवशी."
आणि हसली. बारा वर्षांची हसली.
मला काही सुचलं नाही,
हवामान विचारलं.

बुधवारी तंबू मोजून दिले.
कुऱ्हाडी दिल्या, सैल दांडा ठोकून.
निशाणाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा.
पातेल्यासमोर लिहिलं: हरवले.
खाली सही केली, पूर्ण नावानं,
स्काउटनं करू नये तशी.

गुरुवारी आम्ही सोल्वेगच्या आईच्या
ट्रॅक्टरच्या शेडमध्ये उभे राहिलो.
डिझेलचा वास, दारातून वारा,
अकरातले सात.
एरिक सायकलवरून आला, गणवेश न घालता,
घरी काय सांगून आला, मी विचारलं नाही.
शपथ झाली.
त्यानं ओठ मिटले, तिनं हाक मारली,
दोघं शेजारी उभे होते,
कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग सूप चढवलं.
पातेलं पोच्याच्या बाजूला कलतं,
एका अंगाला सांडू लागलं.
पोरं ओरडली, कुणी झाकण शोधायला धावलं.
सोल्वेगनं बाहेरून एक चपटा दगड आणला
आणि खाली सरकवला.